एकोणीस डॉलरची दुर्बीण

१८४७ साली मुंबई सरकारला सादर झालेल्या ‘जॉइंट रिपोर्ट’वर तीन सह्या आहेत : एच. ई. गोल्डस्मिड, कॅप्टन जी. विंगेट आणि कॅप्टन डी. डेव्हिडसन. आपल्याकडच्या रयतवारी मोजणीचा हा पायाच म्हणायला हवा. सर्व्हे नंबर केवढा पाडावा, जमिनीची प्रत सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ पायऱ्यांत कशी लावावी, मोजणीदाराचे काम वरच्या अधिकाऱ्याने कसे तपासावे, हे सगळे त्यात आहे. गेली काही वर्षे मी दख्खनच्या मोजणीविषयी मिळेल ते वाचतो आहे. विंगेटवर बरेच लिहिले गेले, गोल्डस्मिडवर थोडे. डेव्हिडसनचे नाव तिसरे, त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी ‘इत्यादी’त जाते.

हे नाव मला पुन्हा भेटले ते भलत्याच दालनात. बंदुकांच्या इतिहासात. रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीचे ब्रिटिश पेटंट १८६२ च्या सुमारास घेणारा, मुंबई लष्करातून निवृत्त होऊन स्कॉटलंडला परतलेला, एडिंबरोच्या स्वयंसेवक रायफल पथकाचा अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन. हॅडिंग्टन गावचा, जन्म १८११ चा. म्हातारपणी, १८९० साली, त्याने आठवणींचे पुस्तकही छापले. हिंदुस्थानात असतानाच त्याने शिकारीच्या बंदुकीवर दुर्बीण चढवून पाहिली होती. म्हणजे ज्याने आपल्या आजे-पणज्यांच्या जमिनीची प्रतवारी ठरवण्याच्या कागदावर सही केली, त्याच्याच डोक्यात लांबच्या हरणावर नेम कसा धरावा हा विचारही घोळत होता. मला या जोडीचे तेव्हा नवल वाटले. आता तितकेसे वाटत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

डेव्हिडसनची दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीवर बसली. व्हिटवर्थ हा मँचेस्टरचा यंत्रनिर्माता, इंचाचे सूक्ष्म भाग मोजण्यात ज्याचा हात कोणी धरला नसता असा. त्याच्या रायफलीच्या नळीचे पोट गोल नव्हते, षट्कोनी होते. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने याच रायफलीने चारशे यार्डांवरच्या लक्ष्याचा जवळजवळ मध्यबिंदू फोडला. अर्थात राणीने नेम धरला नव्हता. बंदूक लोखंडी चौकटीत आवळून, आधी नेम लावून ठेवली होती. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. वर्तमानपत्रांनी कौतुक राणीचे केले. करायला हवे होते चौकटीचे.

व्हिटवर्थ सरकारी एनफिल्डपेक्षा कितीतरी महाग होती आणि ब्रिटिश सैन्याने ती घेतली नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांनी नाकेबंदी चुकवून थोड्या रायफली मागवल्या. त्यांतल्या अगदी मोजक्यांवर डेव्हिडसनची दुर्बीण होती. ९ मे १८६४ ला स्पॉटसिल्व्हेनियात जनरल सेजविक लांबच्या गोळीने पडला, तो याच दुर्बिणीमुळे असे हौशी लेखक छातीठोकपणे लिहितात. त्या गोळीमागे दुर्बीण होती याला पुरावा नाही. महाग वस्तूभोवती अशा कथा लवकर जमतात.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की दिवाळी अंकात बंदुकीच्या दुर्बिणीचा इतिहास कशाला? सांगतो. टेक्सासात राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या वर्षी लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी रायफल घेतली. शिकार नाही, पाचशे यार्डांवरचा कागद फोडायचा. पैसे बहुतेक रायफलीतच गेले. मग त्याने मला विचारले, “मामा, तू हे सगळं वाचतोस ना? स्वस्तातला स्कोप कोणता घेऊ?” मी आयुष्यात बंदूक झाडलेली नाही. एनसीसीत पॉइंट टू-टूच्या पाच गोळ्या मारल्या, त्यांतल्या दोन कुठे गेल्या ते सुभेदारसाहेबांनाही कळले नाही. तरीही मला वाटले, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. कारण दुर्बीण कोणाला परवडली, आणि स्वस्तात घेताना कोणी नेमके काय सोडले, या प्रश्नांवर त्या इतिहासातली अनेक वळणे घडलेली आहेत.

आधी एक हिशेब मांडतो, तो मांडल्याशिवाय पुढचे कळणार नाही. पंचांगात अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. नेमबाजही हेच माप वापरतात. एक कला म्हणजे शंभर यार्डांवर जेमतेम एक इंच, पाचशे यार्डांवर पाच इंच. दुर्बीण रायफलीवर दोन कड्यांत आवळलेली असते, त्या कड्यांमधले अंतर धरा १२५ मिलिमीटर. मागचे कडे पुढच्याच्या मानाने किती सरकले म्हणजे नेम एका कलेने चुकतो? ०.०३६ मिलिमीटर. डोक्याच्या केसाच्या निम्म्याच्या आसपास. साधा कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. तो एका कड्याखाली राहिला, तर पाचशे यार्डांवर गोळी चौदा इंच दूर जाते. म्हणजे माणूस असेल तर वाचला, कागद असेल तर कोराच राहिला.

यात दुसरी भानगड अशी, की गोळी सरळ जात नाही, पडत जाते. आजची नेहमीची पॉइंट थ्री-झिरो-एटची गोळी शंभर यार्डांवर नेम बसवून सोडली, तर पाचशे यार्डांवर साधारण दीड मीटर खाली लागते. म्हणून दुर्बिणीला फिरक्या असतात. अंतर वाढले की फिरकी ठरावीक टिचक्या फिरवायची, परत आलो की तितक्याच उलट फिरवायची. फिरकी खरोखर तितकीच सरकली पाहिजे आणि उलट फिरवल्यावर जागेवर आली पाहिजे. तेव्हा लांब पल्ल्याच्या दुर्बिणीला कामे दोन : दाखवणे आणि धरून ठेवणे. दुकानात पाहणाऱ्याला पहिले दिसते. दुसरे दिसत नाही.

अमेरिकेत १८४० च्या दशकात युटिकाच्या मॉर्गन जेम्सने ज्या लांब नळीच्या दुर्बिणी रायफलीवर चढवल्या, त्यांची हकिगत जॉन चॅपमन या इंजिनिअरने १८४८ च्या पुस्तकात दिली आहे. नळी जवळजवळ बंदुकीच्या नळीइतकी लांब. आत भिंगे आणि आडवी-उभी तार, बाकी काही नाही. वर-खाली, डावी-उजवी करण्याची सगळी करामत बाहेर, नळी ज्या बैठकीवर बसायची त्या बैठकीत. १८५५ पासून सिरॅक्यूजच्या विल्यम माल्कमने रंगदोष काढलेली चांगली भिंगे घालून हेच काम पुढे नेले. दोन टोकांना दोन बैठका आणि मध्ये हातभर अंतर, त्यामुळे वरचा हिशेब त्यांना बराच सोपा गेला. अंतर जितके जास्त तितकी केसभर चूक कमी नडते. अशी लांबलचक वस्तू घेऊन रानात धावता येत नाही, ही वेगळी गोष्ट.

पहिल्या महायुद्धात हा विषय एकदम जीवन-मरणाचा झाला. जर्मनीत शिकारीची आणि भिंगांची दोन्ही परंपरा होत्या. त्यांच्याकडे दुर्बिणीच्या रायफली सुरुवातीपासून आल्या. ब्रिटिशांनी घाईघाईने ऑल्डिस, पेरिस्कोपिक प्रिझम अशा कंपन्यांच्या दुर्बिणी घेतल्या. भिंगे बरी होती. घोटाळा झाला बैठकीत. एनफिल्डमध्ये पाच-पाच गोळ्यांची पट्टी वरून भरतात. दुर्बीण बरोबर वर बसवली तर पट्टी घालता येत नाही. म्हणून दुर्बीण डाव्या बाजूला काढली. आता खंदकातला नेमबाज पोलादी पत्र्याच्या अरुंद भोकातून नेम धरतो. नळी भोकात घातली तर शेजारच्या दुर्बिणीसमोर पत्रा! ज्याला एकेक गोळी जपून मारायची, त्याला पाच गोळ्या झटपट भरता याव्यात म्हणून कोणीतरी कार्यालयात बसून हा निर्णय घेतला.

हेस्केथ-प्रिचर्ड हा शिकारी, प्रवासी आणि हँपशायरचा वेगवान गोलंदाज. त्याने १९१६ मध्ये फ्रान्समधल्या लिंगेम गावी नेमबाजांची शाळा काढली आणि १९२० साली त्यावर पुस्तक लिहिले. त्या पुस्तकातली त्याची तक्रार मला सगळ्यांत बोलकी वाटते. दुर्बिणीच्या रायफली खंदकातले सामान म्हणून एक पलटण दुसरीच्या हवाली करी. फावडी, बादल्या, वाळूच्या गोण्या आणि रायफली. कोणाच्या हातून कशी आदळली, कडे कधी ढिले झाले, याचा पत्ता नाही. त्याने तपासायला घेतल्या तेव्हा नेम चुकलेल्यांचा सुकाळ होता. आतून पाहावे तर चित्र स्वच्छ, तार ठळक, शत्रूची टोपी अगदी जवळ. आणि गोळी भलतीकडे. नेमबाजाला वाटे आपला हात हलला. अशा रायफलीवर भरवसा ठेवून डोके वर काढणाऱ्यांतले किती गेले, याची नोंद कोण ठेवणार?

आता शीर्षकातल्या एकोणीस डॉलरांकडे येतो. विल्यम वीव्हर हा केंटकीचा तरुण, वय चोविसाच्या आसपास. १९३० साली, म्हणजे शेअर बाजार कोसळून महामंदी सुरू झालेली असताना, त्याने रायफलीची दुर्बीण विकायला काढली. मॉडेल ३३०. बैठकीसकट किंमत एकोणीस डॉलर. त्या काळी चांगली दुर्बीण म्हणजे जर्मन किंवा ऑस्ट्रियन. तिची किंमत कितीतरी पट, शिवाय ती बसवायला कारागीर गाठावा लागे, त्याची मजुरी निराळी. सुतारकाम करून किंवा शेतावर राबून हरणाच्या हंगामात चार दिवस रानात जाणाऱ्या अमेरिकन माणसाला ती फक्त कॅटलॉगमध्ये पाहायला मिळे. तीन वर्षांत वीव्हरने कारखाना टेक्सासातल्या एल पासोला हलवला आणि दुर्बीण ही श्रीमंतांची चैन राहिली नाही.

त्याने स्वस्तात दिली ती काय सोडून? हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. मोठेपणा सोडला : तिची ताकद तीन पटींच्या आसपास. नळी पाऊण इंच व्यासाची, पोलादी, दोन्ही टोकांना फुगवटा नाही. म्हणजे उजेड कमी शिरणार. संध्याकाळी झाडाखाली ती जर्मन दुर्बिणीसमोर फिकी पडायची. पण नेम सरकवण्याची सोय त्याने नळीच्या आत ठेवली, त्यामुळे बैठक साधी झाली. नळी हलकी, आणि धक्क्याच्या वेळी हलक्या वस्तूला धरून ठेवणे सोपे. बैठक मात्र पत्र्याची होती आणि तीच कच्ची बाजू. वीव्हरचा मी चाहता आहे, तरी हे कबूल केले पाहिजे.

त्या कच्च्या बाजूचा इलाज झाला दुसऱ्या महायुद्धात. १९४३ मध्ये अमेरिकी लष्कराला नेमबाजांसाठी घाईने रायफल हवी होती. पसंती लायमन कंपनीच्या ‘अलास्कन’ दुर्बिणीला होती, ती उत्तम होती, आणि म्हणूनच पुरेशी मिळेना. तेव्हा लष्कराने वीव्हरची ३३०-सी घेतली, तिला एम-७३-बी-१ असे सरकारी नाव दिले आणि पत्र्याऐवजी रेडफिल्डच्या भक्कम बैठकीत बसवली. स्प्रिंगफिल्ड रायफलीचा हा ए-४ प्रकार रेमिंग्टनने अठ्ठावीस हजारांहून अधिक बनवला. दुकानातली स्वस्त दुर्बीण, खाली महागाची बैठक. दीडशे-दोनशे वर्षांच्या या इतिहासात इतका शहाणा खरेदीचा निर्णय मला दुसरा आढळला नाही. अर्थात दुर्बिणीत पाणी शिरे. इटलीच्या पावसात आणि पॅसिफिकच्या दमटपणात तिच्यावर आतून वाफ धरे, तेव्हा शिपाई तिच्या कारखान्याचा उद्धार करीत असणार. नळीत कोरडा नायट्रोजन भरून वाफ टाळण्याची युक्ती ल्यूपोल्डने १९४७ मध्ये बाजारात आणली. ए-४ वाल्यांच्या ती उपयोगी पडली नाही.

ब्रिटिशांनी या खेपेस चूक सुधारली. नंबर ४ (टी) रायफलीवर दुर्बीण तीन पटींचीच, मुळात ब्रेन मशिनगनसाठी आखलेली. पण बैठक बसवण्याचे काम दिले हॉलंड अँड हॉलंडला, म्हणजे राजेरजवाड्यांच्या शिकारीच्या बंदुका बनवणाऱ्या पेढीला. ज्या रायफलीला जी दुर्बीण जुळवली तिचा क्रमांक दस्त्यावर कोरला, आणि दुर्बिणीला स्वतंत्र पत्र्याची पेटी दिली. फावडी-बादल्यांतून ती बाहेर आली. रशियनांची पीयू दुर्बीण साडेतीन पटींची, युद्धात भराभर बनावी म्हणून मुद्दाम सोपी केलेली. तीन देश, तीन कारखानदाऱ्या, आणि कोणालाच चार पटींच्या वर जावेसे वाटले नाही. आठ पटींची उनर्टल अमेरिकी मरीनकडे होती. ती माल्कमच्या परंपरेतली, लांब, बाहेरच्या बैठकीची. गोळी झाडली की ती पुढे सरके आणि नेमबाजाने हाताने मागे ओढायची. हास्यास्पद वाटते, पण तिचा नेम टिके.

भाच्याने माझा सल्ला येण्याआधीच एक दुर्बीण घेऊन टाकली होती. सहा ते चोवीस पट, पुढचे भिंग ५० मिलिमीटर, लाल-हिरवी दिव्याची तार, सोबत कडी फुकट, सगळे मिळून शंभर डॉलरच्या आत. मी मनात म्हटले, झाले! दिवा हवा कशाला, कागद काय रात्री फोडायचाय? त्याने पाठवलेल्या फोटोत दहा गोळ्या टोपलीभर पसरलेल्या. “स्कोपच खराब आहे, परत करतो,” म्हणाला. मी त्याला केसाचा हिशेब लिहून पाठवला आणि कडी तपासायला सांगितले. दोन स्क्रू हाताने फिरत होते. फुकट कडी टाकून त्याने बरी पोलादी घेतली, ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने आवळली. घोळका निम्म्यावर आला.

मग मी त्याला चौकोन काढायला लावला. ही जुनी कसोटी आहे. एकाच बिंदूवर नेम धरून तीन गोळ्या मारायच्या. फिरकी वीस टिचक्या वर, तीन गोळ्या. वीस उजवीकडे, तीन. वीस खाली, तीन. वीस डावीकडे, आणि शेवटच्या तीन पहिल्या तिघींच्या भोकांत पडल्या पाहिजेत. त्याचा चौकोन उघडाच राहिला, शंभर यार्डांवर दीड इंच उघडा. पाचशेवर नेले तर साडेसात इंच. आजच्या दुर्बिणीत नळीच्या आत दुसरी छोटी नळी असते. फिरक्या तिला वरून आणि बाजूने ढकलतात, पलीकडून स्प्रिंग रेटते. केसाचा तोच हिशेब आणखी थोड्या लांबीत. ती स्प्रिंग आणि त्या फिरक्यांचे आटे चांगले बनवायला पैसे लागतात, आणि डब्यावर त्यांचा फोटो छापता येत नाही. भिंगे मात्र युद्धानंतर जपानने, मग इतर आशियाई देशांनी इतकी स्वस्त केली, की आज शंभर डॉलरची दुर्बीण ए-४ वाल्या शिपायाच्या दुर्बिणीपेक्षा किती तरी उजळ दिसते. कमी किमतीतली काटछाट आता होते ती न दिसणाऱ्या भागात.

चोवीस पटींचेही तसेच. पुढचे भिंग भागिले पट म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. ५० भागिले २४, दोन मिलिमीटर. डोके जरा हलले की काळोख. शिवाय टेक्सासच्या दुपारी जमिनीवरून उठणारी झळ चोवीस पटींनी मोठी होऊन दिसते, कागद पाण्यात पडल्यासारखा हलतो. आणि तारेचा दोष : स्कूटरवर मागे बसलेल्याला स्पीडोमीटरचा काटा भलत्याच आकड्यावर दिसतो ना, तसे डोके हलवले की तार लक्ष्यावरून सरकताना दिसते. तो दोष ठरावीक अंतरावर काढलेला असतो. स्वस्त दुर्बिणीत बहुधा शंभर यार्डांवर, आणि पुढे बदलायची सोय नसते.

मी सुचवले ते असे : एकाच ताकदीची, दहा पटींची, जुनी चालेल, पण बाजूला अंतराची फिरकी असलेली. पटी बदलण्याची यंत्रणा नाही, म्हणजे सैल होण्यासारखे भाग कमी आणि तेवढे पैसे फिरक्यांकडे वळलेले. घेण्याआधी चौकोन काढून पाहायचा. आणि दुर्बिणीच्या पैशातून कड्या-बैठकीचा वाटा आधी बाजूला काढायचा. त्याला हे पटवायला वेळ लागला, कारण दहा हा आकडा चोवीसपेक्षा लहान आहे. तसे पाहिले तर आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटरवर ब्राँझ मिळवले ते दुर्बिणीशिवायच. त्या प्रकारात रायफलीवर भिंगाची दुर्बीण चालतच नाही. मागच्या बारीक भोकातून पुढचे कडे पाहायचे, बस. मोठे करून दाखवणारे काही नसते, सगळा खर्च आणि सगळी मेहनत धरून ठेवण्यावर.

डेव्हिडसनकडे परत येतो. त्याची दुर्बीण रायफलीच्या डाव्या अंगाला होती, पुढे खिळीवर फिरणारी, मागे पट्टीवर सरकवून स्क्रूने आवळायची. चित्रे पाहताना लक्षात येते, की सारी अक्कल त्या मागच्या पट्टीत आणि स्क्रूत खर्च झाली आहे. मोजणीखात्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला हे सुचणे स्वाभाविक होते. आपली मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळी वापरून वापरून ताणते. कड्या झिजतात, सांधे उघडतात, आणि मोजणीदाराला काही दिसत नाही. त्याच्या दृष्टीने साखळी साखळीच असते. दर साखळीमागे दोन बोटे वाढली तर शेत कागदावर लहान होते आणि तेवढा सारा बुडतो. आखडली तर उलट, आणि नसलेल्या जमिनीचा सारा कुणब्याला भरावा लागतो. म्हणून तपासणीची एवढी कलमे.

भाच्याची जुनी दहा पटींची दुर्बीण फेब्रुवारीत आली. चौकोन मिटला, अगदी भोकात भोक नाही, पण पाऊण इंचाच्या आत. पाचशेवर त्याच्या दहातल्या सात गोळ्या आता ताटाएवढ्या वर्तुळात असतात. उरलेल्या तीन वाऱ्यामुळे जातात असे तो म्हणतो. वाऱ्याचे मला काही कळत नाही. माझ्या बहिणीला यातले काहीच पटलेले नाही. “तू त्याला आणखी नेम धरायला शिकव,” म्हणाली आणि फोन ठेवला.